गार भाडे, गरम भाडे आणि मधला हिशोब

(आपल्या मंडळाच्या कोजागरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. वाचकांच्या सोयीसाठी आकडेमोड थोडी विस्ताराने दिली आहे.)



कार्यकारिणीने जेव्हा मला 'काहीतरी उपयोगी विषयावर बोल' असं सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा कॉम्प्युटर सिक्युरिटी वगैरे असावं. पण गेल्या दोन-तीन वर्षांत मला आपल्या लोकांचे जे फोन येतात, त्यातले निम्मे कॉम्प्युटरबद्दल नसतातच. ते असतात एका पत्राबद्दल. घरमालकाकडून किंवा हाउसफरवाल्टुंगकडून, म्हणजे इमारतीची व्यवस्था बघणाऱ्या कंपनीकडून, चार पानी जर्मन पत्र येतं. त्यात बारीक अक्षरात कोष्टकं असतात आणि शेवटच्या पानावर ठळक अक्षरात एक आकडा. हा आकडा कधी ८० युरो असतो, कधी ८००. आणि मग फोन येतो, "अरे, आपण तर दर महिन्याला भाडं भरतोय, मग हे काय नवीन?"

हे 'नवीन' म्हणजे नेबेनकोस्टेन. नेबेन म्हणजे बाजूचा आणि कोस्टेन म्हणजे खर्च. भाड्याच्या बाजूने चालणारा खर्च. आज त्याबद्दलच बोलायचं आहे. मी वकील नाही, शिक्षणाने कॉम्प्युटर इंजिनियर आहे. पण हे पत्र शेवटी इनपुट, फॉर्म्युला आणि आउटपुट एवढंच आहे, आणि ते कुणालाही वाचता येतं. वाचता आलं की निम्मी भीती जाते.

गार आणि गरम

आपल्याकडे पुण्या-मुंबईत भाड्याने राहायचं तर ११ महिन्यांचा करार, डिपॉझिट, आणि महिन्याचं एक ठरलेलं भाडं. लाइट बिल आणि गॅस आपला. सोसायटीचा मेंटेनन्स बहुतेक वेळा घरमालक भरतो, निदान बोलणी करताना तसं ठरतं. पाणी किती वापरलं, जिना कोण झाडतो, लिफ्टचं बिल किती आलं, याच्याशी भाडेकरूचा सहसा संबंध येत नाही.

जर्मनीत भाड्याचे दोन भाग पडतात. पहिला काल्टमीटे, म्हणजे शब्दशः 'गार भाडं'. ही जागेची किंमत. दुसरा भाग नेबेनकोस्टेन. दोन्ही मिळून होतं वार्ममीटे, 'गरम भाडं'. नवीन आलेल्यांनी एक लक्षात ठेवावं की गरम भाड्यात सगळंच येत नाही. घरातली वीज सहसा वेगळी, तिचा करार आपल्या नावावर. इंटरनेट वेगळं. रेडिओ-टीव्हीची वर्गणी वेगळी, ती २०२१ च्या ऑगस्टपासून दर घरामागे महिना १८.३६ युरो आहे आणि टीव्ही नसला तरी भरावी लागते. काही जुन्या घरांत गॅसचा बॉयलर घरातच असतो, तिथे गॅसचा करारसुद्धा आपणच करायचा असतो. म्हणून घर बघायला गेल्यावर 'गरम भाड्यात नेमकं काय काय आहे' हा प्रश्न स्वयंपाकघराच्या आधी विचारावा.

दर महिन्याचा हप्ता म्हणजे टीडीएस

आपण दर महिन्याला गार भाड्याबरोबर जी नेबेनकोस्टेनची रक्कम भरतो, ती बहुतेक करारांत फोरआउसत्सालुंग असते, म्हणजे आगाऊ रक्कम. आपल्या टीडीएससारखं समजा. वर्षभर अंदाजाने पैसे कापले जातात, वर्ष संपल्यावर खरा हिशोब होतो. जास्त भरले असतील तर परत मिळतात, त्याला गुटहाबेन म्हणतात. कमी पडले असतील तर भरायचे, त्याला नाखत्सालुंग. आणि हा वार्षिक हिशोब म्हणजेच ते चार पानी पत्र, आब्रेश्नुंग.

दुसरा प्रकार पाउशाले, म्हणजे ठोक रक्कम. त्यात वर्षअखेरीचा हिशोब नसतो, फिटंफाट. आपल्या करारात या दोनपैकी कुठला शब्द आहे ते आज घरी गेल्यावर बघा.

आता यातली एक मेख सांगतो. दोन घरं आहेत, दोन्हीचं गार भाडं ९०० युरो. एकाची आगाऊ रक्कम १५० आणि दुसऱ्याची २८०. आपण काय म्हणू? पहिलं घर १३० युरोंनी स्वस्त. पण आगाऊ रक्कम हा फक्त अंदाज असतो, आणि तो कमी ठेवला तरी खरा खर्च कमी होत नाही. घरमालकाने आगाऊ रक्कम खऱ्या खर्चापेक्षा बरीच कमी ठेवली, तरी उरलेले पैसे तो मागू शकतो, असा निकाल जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००४ साली दिला आहे. मुद्दाम फसवणूक केली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा घर घेताना 'मागच्या वर्षीचा हिशोब बघायला मिळेल का?' असं सरळ विचारा. चांगला मालक दाखवतो. जो नुसताच हसतो, त्याच्या घराबाबत जरा जपून.

सतरा ओळींची यादी

या हिशोबात मालक काय घालू शकतो हे त्याच्या मर्जीवर नाही. २००४ च्या जानेवारीपासून लागू असलेल्या एका नियमावलीत १७ बाबींची यादी आहे. तिचं नाव बेट्रीब्सकोस्टेनफरओर्डनुंग. (एका श्वासात म्हणून दाखवणाऱ्याला आज जास्तीचं मसाला दूध.) जमिनीचा कर, पाणी, सांडपाणी, हीटिंग, गरम पाणी, लिफ्ट, रस्तासफाई आणि कचरा, इमारतीची स्वच्छता, बाग, जिन्यातले दिवे, धुराड्याची सफाई, इमारतीचा विमा, हाउसमाइस्टर वगैरे वगैरे. शेवटची सतरावी बाब आहे 'इतर', पण त्यात नेमकं काय ते करारात लिहिलेलं असावं लागतं. 'इतर' म्हणजे मालकाची पोतडी नव्हे.

यात काय बसत नाही ते जास्त महत्त्वाचं. दुरुस्ती बसत नाही. व्यवस्थापनाचा खर्च बसत नाही. मालकाचे बँकेचे चार्जेस आणि टपालखर्च बसत नाहीत. लिफ्टची तपासणी आणि वीज भाडेकरूंच्या माथी येते, पण लिफ्टचा मोडलेला भाग बदलला तर तो खर्च मालकाचा. हाउसमाइस्टर जिना बघतो, बर्फ काढतो, ते आपल्या खात्यावर. पण तोच नळ दुरुस्त करत असेल किंवा मालकाची कागदपत्रं सांभाळत असेल, तर त्याच्या पगाराचा तेवढा भाग वजा व्हायला हवा. रिकाम्या फ्लॅटचा वाटाही मालकाचाच, तो उरलेल्यांत वाटता येत नाही. आपल्या सोसायटीच्या बिलात सिंकिंग फंड आणि रिपेअर फंड असतो, तसा प्रकार इथे भाडेकरूच्या हिशोबात चालत नाही.

लिफ्टवरून आठवलं. 'तळमजल्यावाल्याने लिफ्टचे पैसे का द्यायचे?' या विषयावर आपल्याकडे सोसायट्यांच्या किती वार्षिक सभा चहा गार होईपर्यंत चालल्या असतील! हा वाद इथेही थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २००६ साली निकाल लागला की करारात तसं असेल तर तळमजल्यावाल्यानेही द्यायचे.

यादी स्थिर असते असंही नाही. केबल टीव्हीचे पैसे पूर्वी नेबेनकोस्टेनमध्ये येत, टीव्ही बघा वा बघू नका. १ जुलै २०२४ पासून ते बंद झालं. त्यानंतरच्या काळासाठी केबलची मासिक फी हिशोबात दिसली तर विचारा.

हीटिंग: इथेच गाडी अडते

बहुतेकांचा मोठा आकडा असतो तो हीटिंगचा. म्हणून याचा फॉर्म्युला नीट बघू.

आपल्या रेडिएटरवर एक छोटं पांढरं डबडं असतं. त्याचं नाव हाइत्स्कोस्टेनफरटायलर, म्हणजे हीटिंगचा खर्च वाटणारा. नाव नीट ऐका. तो खर्च 'वाटतो', मोजत नाही. त्यावर दिसणारे आकडे म्हणजे विजेच्या मीटरसारखी किलोवॉट-तास नव्हेत. ते नुसते गुण आहेत. पूर्ण इमारतीचे गुण एकत्र करायचे आणि त्यात तुमचे किती ते बघायचं.

नियम असा आहे की, काही अपवाद सोडता, केंद्रीय हीटिंगच्या खर्चातला ५० ते ७० टक्के भाग वापरानुसार वाटायचा आणि उरलेला ३० ते ५० टक्के क्षेत्रफळानुसार. उदाहरण घेऊ. इमारतीचं एकूण क्षेत्रफळ ७०० चौरस मीटर आणि वर्षाचा हीटिंगचा खर्च १२,००० युरो. वाटणी ३०-७० अशी.

३० टक्के म्हणजे ३,६०० युरो क्षेत्रफळावर. आपलं घर ७० मीटरचं, म्हणजे एक दशांश. आपला वाटा ३६० युरो.

७० टक्के म्हणजे ८,४०० युरो गुणांवर. इमारतीचे एकूण गुण २१,०००, म्हणजे एका गुणाला ४० सेंट. आपले गुण १,५००. आपला वाटा ६०० युरो.

दोन्ही मिळून ९६० युरो.

यातून दोन गोष्टी दिसतात. एक, तुम्ही सगळे रेडिएटर वर्षभर बंद ठेवून स्वेटर घालून बसलात, तरी ३६० युरो भरायचेच आहेत. दुसरी, गुणाची किंमत दरवर्षी बदलते, कारण ती इंधनाच्या दरावर आणि अख्ख्या इमारतीच्या वापरावर अवलंबून आहे. म्हणून 'गेल्या वर्षी १,५०० गुण होते, यंदाही तेवढेच, मग बिल कसं वाढलं?' या प्रश्नाचं उत्तर आपल्या घरात नसतं, पहिल्या पानावरच्या एकूण खर्चात असतं. २०२२ मध्ये गॅसचे भाव कडाडले तेव्हा काटकसर करणाऱ्यांनाही मोठी बिलं आली, ती याच कारणाने.

आणि हीटिंगचा हिशोब वापरानुसार न करता सगळाच्या सगळा क्षेत्रफळावर वाटला असेल, तर कायद्याने भाडेकरू आपल्या वाट्यातून १५ टक्के कापू शकतो.

ऑक्टोबरात आलेल्याची गोष्ट

आता नवीन आलेल्यांसाठी खास. आपल्यापैकी बरेच जण सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात. नवी नोकरी, नवं घर, आणि पुढच्या वर्षी पहिला हिशोब येतो तो फक्त तीन महिन्यांचा. आणि त्या तीन महिन्यांचेही पैसे कमी पडलेले. माणूस चक्रावतो.

याच्यामागे एक तक्ता आहे. वर्षाची उष्णतेची गरज १,००० भाग मानतात आणि महिन्यांत वाटतात. जानेवारी १७०, फेब्रुवारी १५०, मार्च १३०, एप्रिल ८०, मे ४०, जून-जुलै-ऑगस्ट तिन्ही मिळून ४०, सप्टेंबर ३०, ऑक्टोबर ८०, नोव्हेंबर १२० आणि डिसेंबर १६०. भाडेकरू मध्येच बदलला की क्षेत्रफळाचा भाग साधारणपणे या तक्त्याने वाटतात. वापराच्या भागासाठी घर बदलताना मधलं वाचन घेतात, ते नसेल तर तिथेही हाच तक्ता येऊ शकतो.

आपल्या ९६० युरोंच्या घरात ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे ३६० भाग, म्हणजे ३४५.६० युरो. महिन्याला हीटिंगची आगाऊ रक्कम ८० धरली, तर तीन महिन्यांत भरले २४०. कमी पडले १०५.६०. याने उधळपट्टी केलेली नाही, कुणी फसवलंही नाही. त्याच्या वाट्याला फक्त थंडीचे महिने आले. त्याच घरात आधी जानेवारी ते सप्टेंबर राहिलेल्याने ७२० भरले आणि त्याचा खर्च झाला ६१४.४०. त्याला तेवढेच १०५.६० परत मिळतील. तेव्हा ऑक्टोबरात येणाऱ्याने पहिल्या वर्षासाठी शंभर-दोनशे युरो बाजूला ठेवावेत आणि शांत राहावं.

उबेची किंमत

इथे जरा घरातलं बोलतो. थंडी सुरू झाली की आपल्या अनेक घरांत एक शीतयुद्ध सुरू होतं. एक जण रेडिएटर ५ वर करतो, दुसरा येऊन १ वर. आणि भारतातून आई-वडील आलेले असतात, ते बिचारे 'आम्हाला चालतं हो' म्हणत शाल पांघरून बसतात, कारण मुलगा बिलाबद्दल बोलताना त्यांनी ऐकलेलं असतं.

मग इथेही हिशोबच करू या. रेडिएटरच्या नळावरचा आकडा म्हणजे हव्या त्या तापमानाचा आकडा. ३ म्हणजे साधारण २० अंश. ५ वर केल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते. खोलीचं तापमान एक अंशाने वाढवलं तर हीटिंगचा वापर साधारण ६ टक्क्यांनी वाढतो, असा ढोबळ नियम इथे सांगतात. आपल्या उदाहरणात वापराचा भाग ६०० युरो, त्याचे ६ टक्के म्हणजे ३६ युरो. सगळ्या घराला, पूर्ण वर्षासाठी. आईला एक अंश जास्त ऊब देण्याची किंमत वर्षाला ३६ युरो! पिझ्झाच्या एका फेरीएवढी. ती द्यावी आणि शालीची घडी करून ठेवावी.

पैसे जातात ते दुसरीकडे. फोडणीचा वास जावा म्हणून खिडकी तिरकी करून तासन्‌तास उघडी ठेवायची आणि खाली रेडिएटर चालू. त्यापेक्षा रेडिएटर बंद करून सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडा, मग बंद. वासही जातो, ओलही जाते, भिंतीला बुरशी धरत नाही. रेडिएटरसमोर सोफा लावू नका आणि त्यावर कपडे वाळत घालू नका.

परत मिळणारे पैसे

दोन ठिकाणी पैसे परत मिळतात आणि दोन्हींकडे आपलं लक्ष नसतं.

पहिलं म्हणजे इन्कम टॅक्स. जिना झाडणं, बाग, बर्फ काढणं, हाउसमाइस्टर, धुराड्याची सफाई या कामांची जी मजुरी आपल्या हिशोबात लागते, तिचे २० टक्के थेट करातून कमी होतात. समजा अशी मजुरी ३०० युरो असेल, तर ६० युरो कर कमी. यासाठी घर मालकीचं असायची गरज नाही, भाडेकरूलाही हे मिळतं. अनेक आब्रेश्नुंगमध्ये शेवटच्या पानावर याचा वेगळा तक्ता असतो. नसेल तर मागून घ्या. दरवर्षी टॅक्स रिटर्न भरताना आपण ऑफिसच्या खुर्चीचं बिल शोधतो आणि हे पान विसरतो.

दुसरं, कार्बनचा कर. गॅस किंवा तेल जाळण्यावर जर्मनीत २०२१ पासून कार्बन डायऑक्साइडचा दर लागतो. आधी तो सगळा भाडेकरू भरत असे. १ जानेवारी २०२३ पासून तो मालक आणि भाडेकरू यांच्यात वाटायचा असतो. इमारत जितकी जास्त उष्णता वाया घालवणारी, तितका मालकाचा वाटा मोठा. वर्षाला चौरस मीटरमागे १२ किलोपेक्षा कमी कार्बन असेल तर सगळा भाडेकरूचा, आणि ५२ किलो किंवा जास्त असेल तर ९५ टक्के मालकाचा. ही वाटणी हिशोबात दाखवलीच नसेल, तर भाडेकरू हीटिंगच्या आपल्या वाट्यातून ३ टक्के कापू शकतो. ज्यांचा गॅसचा करार स्वतःच्या नावावर आहे, त्यांनी हा वाटा मालकाकडे लेखी मागायचा असतो, आणि बिल आल्यावर लगेच मागावा.

एका संध्याकाळचं काम

पत्र आलं की चहा ठेवा आणि या गोष्टी क्रमाने बघा.

एक. कालावधी. १२ महिन्यांपेक्षा जास्त नको. मालकाने कालावधी संपल्यापासून १२ महिन्यांत हिशोब तुमच्या हातात द्यायचा असतो. २०२४ चा हिशोब ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. त्यानंतर आला तर तो जादा पैसे मागू शकत नाही, उशीर त्याच्या चुकीने झाला नसेल तर गोष्ट निराळी. तुमचे परत मिळायचे पैसे मात्र उशिरानेही तुमचेच.

दोन. क्षेत्रफळ. २०१८ च्या निकालानुसार प्रत्यक्ष क्षेत्रफळ धरायचं, करारात चुकून लिहिलेलं नव्हे.

तीन. सतरा ओळींबाहेरचं काही घुसलंय का? 'दुरुस्ती', 'देखभाल', 'व्यवस्थापन' या अर्थाचे शब्द शोधा.

चार. वाटणी कशावर केली आहे, क्षेत्रफळ, माणसं की वापर, आणि ते करारात आहे का?

पाच. तुम्ही भरलेली आगाऊ रक्कम पूर्ण वजा झाली आहे का? बँकेचं स्टेटमेंट काढून बेरीज करा.

सहा. मागच्या वर्षीशी तुलना. कुठली ओळ एकदम उडी मारून वर गेली आहे?

शंका आली तर मूळ पावत्या बघण्याचा हक्क आहे. मालक त्या दाखवत नसेल, तर तोवर जादा रक्कम रोखून धरता येते. हरकत घ्यायला पत्र मिळाल्यापासून १२ महिने असतात, पण ती लेखी आणि नेमकी घ्यायची. 'बिल फार आहे' ही हरकत नव्हे. 'अमुक ओळीत लिफ्टची दुरुस्ती धरली आहे' ही हरकत.

भाषेची अडचण असेल तर आपल्या गावातल्या मीटरफेराइनकडे जा. जर्मनमध्ये मीटर म्हणजे भाडेकरू. (रिक्षातला मीटर आणि इथला मीटर, दोघांचंही काम एकच, पडत राहायचं.) ही भाडेकरूंची संघटना. वार्षिक वर्गणी भरून सभासद झालं की त्यांचे जाणकार हिशोब तपासून देतात आणि पत्रही लिहून देतात.

हिशोब मागणे म्हणजे भांडण नव्हे

हे सगळं सांगितलं की एक प्रश्न हमखास येतो. "कशाला उगाच घरमालकाशी वाकडं? परका देश, व्हिसाचं काम चालू, उद्या घर सोड म्हणाला तर?"

ही भीती मी समजू शकतो. आमच्या ओळखीतलं एक जोडपं आहे. एकाच पगारावर घर, लहान मूल, आणि दुसऱ्या वर्षी १,१४० युरोंचं पत्र. भारतात वडील आजारी होते आणि तिकिटासाठी ठेवलेले पैसे तेवढेच होते. 'भरून टाकू आणि मोकळे होऊ' असं चाललं होतं. दोघं एक संध्याकाळ बसले. आगाऊ रक्कम १८० युरो, आणि त्यातले दोन महिने हिशोबात धरलेच नव्हते, म्हणजे ३६०. लिफ्टच्या दुरुस्तीचा त्यांचा वाटा ९० युरो. त्यांनी साधं नम्र पत्र लिहिलं, बँकेचं स्टेटमेंट जोडलं. तीन आठवड्यांनी सुधारित हिशोब आला, ६९० युरोंचा. हे ६९० खरे होते, ते त्यांनी २३० च्या तीन हप्त्यांत मागून घेतले. तिकीट निघालं. पुढच्या वर्षी आगाऊ रक्कम वाढवून घेतली.

या गोष्टीत कुणी खलनायक नाही. हिशोब बनवणाऱ्या क्लार्ककडे शेकडो घरं असतात, आणि मानवी हाताने भरलेल्या कोष्टकात चूक राहते, हे आपल्या धंद्यातल्या माणसांना वेगळं सांगायला नको. हिशोबाबद्दल प्रश्न विचारला म्हणून भाडेकरूला घराबाहेर काढता येत नाही, आणि व्हिसाच्या ऑफिसचा याच्याशी काहीही संबंध नाही. इथे व्यवहारात प्रश्न विचारणं अपमानाचं समजत नाहीत, ते नीटनेटकेपणाचं लक्षण मानतात. आपल्या आजी-आजोबांनी वाण्याच्या वहीतल्या बेरजा स्वतः तपासल्या. वाण्याशी त्यांचं काही वैर नव्हतं.

याची दुसरी बाजूही आहे. तपासून बरोबर निघालेला हिशोब वेळेवर भरायचा. कटकट न करता. आपल्या मागून घर शोधायला येणाऱ्या मराठी कुटुंबाला त्याचा उपयोग होतो.

परत जाताना

शेवटचा मुद्दा, कायमचं परत जाणाऱ्यांसाठी. घर सोडलं तरी हिशोब सुटत नाही. समजा मार्च २०२५ मध्ये कुणी घर सोडलं, तर २०२५ चा हिशोब ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत केव्हाही येऊ शकतो. तोपर्यंत डिपॉझिटमधला काही वाजवी भाग मालक राखून ठेवू शकतो. आपण मात्र बँकेचं खातं बंद करून, पत्ता न देता विमानात बसतो आणि मग परत येणारे पैसे कुणाकडे जायचे तेच मालकाला कळत नाही.

तेव्हा निघताना चार कामं करा. चावी देताना सगळ्या मीटरचे आणि रेडिएटरवरच्या डबड्यांचे आकडे लिहून दोघांच्या सह्या घ्या. त्यांचे फोटो काढा. भारतातला पत्ता आणि ईमेल लेखी द्या. आणि डिपॉझिटमधून किती रक्कम, कशासाठी, कधीपर्यंत ठेवणार ते लिहून मागा. मार्चपर्यंत राहिलेल्याच्या वाट्याला जानेवारी ते मार्चचे ४५० भाग आले आहेत हे लक्षात असू द्या. पैसे कमी पडण्याचीच शक्यता जास्त, त्याची तयारी ठेवा.

जे इथेच आहेत, त्यांनी ३१ डिसेंबरला फटाके बघायला बाहेर पडण्याआधी मीटरचे फोटो काढून ठेवावेत. पाच मिनिटांचं काम आहे. आणि यंदाचं पत्र आलं असेल आणि कळत नसेल, तर पुढच्या कार्यक्रमाला घेऊन या. मंडळाच्या एका टेबलावर मी आणि आणखी दोघं-तिघं बसू. नाव-पत्ता झाकून आणलंत तरी चालेल, आम्हाला आकडे पुरेत.

दूध आटत आलंय असा स्वयंपाकघरातून निरोप आहे, त्यामुळे थांबतो.